भावी मंडळी

सायन्सला असून मराठीत पहिलं येणं ही आमच्या वेळी मिरवायची गोष्ट नव्हती. मुळात मराठी घेणारेच मूठभर. हुशार मुलं बायफोकलला इलेक्ट्रॉनिक्स घेत; दोनशे मार्कांचा तो एकच विषय, आणि तो घेतला की मराठीही सुटायचं आणि गणित-बायॉलॉजीतलं एक काहीतरीही. इलेक्ट्रॉनिक्सच्या यादीत माझं नाव लागलं नाही. गावात मात्र मी "मातृभाषा सोडवेना" असं सांगत फिरत असे. सहामाहीला मला मराठीत वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले, आणि फिजिक्समध्ये किती पडले ते मी घरी अजून सांगितलेलं नाही. फिजिक्सच्या सरांनी पेपर हातात देताना नुसता सुस्कारा सोडला. मराठीच्या सरांनी स्टाफरूममध्ये बोलावून घेतलं आणि म्हणाले, "निरोप समारंभाचं हस्तलिखित तुझ्याकडे."

गाव तासगाव, साल १९९५. द्राक्षांचा हंगाम, विधानसभेची निवडणूक आणि आमची बारावी असं तिन्ही एकदम आलं होतं, आणि गावाच्या लेखी महत्त्वाचा क्रमही हाच होता.

आदल्या वर्षीपर्यंत निरोपाला फिशपॉण्ड टाकायची पद्धत होती. जुनी मंडळी त्यालाच शेलापागोटे म्हणत. चिठ्ठीवर चार खोचक ओळी, लिहिणाऱ्याचं नाव नाही, आणि ज्याला पडली त्यानं हसून दाखवायचं. त्या वर्षी एकानं हसून दाखवलं नाही. प्रकरण प्राचार्यांच्या केबिनपर्यंत गेलं आणि फिशपॉण्ड बंद झाले. मग सरांनी तोडगा काढला : प्रत्येकाचं छोटंसं, प्रेमळ व्यक्तिचित्र लिहायचं, शेवटी तो पुढे कुठे काय शिकणार हे द्यायचं आणि सगळं एका सुबक हस्तलिखितात बांधायचं. "कुणाचं मन दुखावता कामा नये," एवढीच त्यांची अट होती.

पंचाईत अशी की मी नुकतंच 'व्यक्ती आणि वल्ली' वाचून संपवलं होतं. त्या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण त्याच्या आधीपासून आजवर ते वाचून खाली ठेवणाऱ्या प्रत्येकाला आपल्यालाही हे जमेल असं वाटत आलेलं आहे. मला तर जमलंच आहे असं वाटत होतं. आधी माणसाच्या लकबी सांगायच्या, मग दोन विनोद करायचे आणि शेवटी वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणायचं, एवढं तंत्र मी उचललं होतं. शेवटी माणूस गेलेला असला तर पाणी आणायला सोयीचं पडतं, हेही माझ्या ध्यानात आलं होतं. त्यामुळे माझ्या पहिल्या खर्ड्यात निम्मा वर्ग शेवटच्या परिच्छेदात वारला.

सरांनी खर्डा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अरे, हा तर तुझ्याच बाकावर बसतो. आत्ता बाहेर व्हरांड्यात उभा आहे. याला का मारलंस?"

"परिणामासाठी, सर."

"परिणाम राहू दे. सगळ्यांना जिवंत कर आणि सोमवारी आण."

जिवंत माणसांबद्दल लिहायचं म्हणजे माहिती हवी. मी आखीव कागदावर प्रश्नावली काढली : टोपणनाव, आवडता नट, नेहमीचं वाक्य आणि शेवटी 'पुढे काय?' पहिल्या तीन रकान्यांत पोरांनी जीव ओतला. चौथ्यात बहुतेकांनी 'मेडिकल किंवा इंजिनिअरिंग' लिहून कागद परत केला. एकाच माणसाला ही दोन्ही सारखीच कशी काय आवडतात, हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. सीईटी आलेली नव्हती. बारावीच्या तीन विषयांचे तीनशे मार्क हाच सगळा कारभार. पीसीएम चांगलं पडलं तर इंजिनिअर, पीसीबी चांगलं पडलं तर डॉक्टर, आणि काहीच चांगलं नाही पडलं तर बाग किती एकर आहे त्यावर. सुप्रीम कोर्टाच्या १९९३ च्या निकालापासून खासगी कॉलेजांना 'फ्री सीट' आणि 'पेमेंट सीट' असे दोन दरवाजे झाले होते. अमक्याचा बेदाणा सौद्यात काय भावानं गेला हे कळलं, की त्याचा पोरगा कुठल्या दरवाजानं आत जाणार हेही गावाला कळायचं.

असल्या कागदांवरून व्यक्तिचित्रं होईनात. मग मी एकेकाला टपरीवर नेऊन, चहा पाजून, खरं काय ते विचारायला लागलो. चहाचे पैसे वर्गातल्या 'हिशोब'कडून उसने घेतले. आणि पोरं खरं बोलली. बोलली, कारण मी त्यांना समजावलं होतं की हस्तलिखित शेवटी स्टाफरूमच्या कपाटात जातं आणि तिथे त्याला वाळवीशिवाय वाचक नसतो. यात खोटं काहीच नव्हतं. मागल्या सगळ्या वर्षांचे 'क्षितिज' आणि 'अंकुर' मी त्या कपाटात स्वतः पाहिले होते. आमच्याही अंकाचं नाव 'क्षितिज'च ठरलं, कारण 'अंकुर' आदल्या वर्षी होऊन गेलं होतं.

माझ्या मते त्यात सगळ्यांत साधलेला होता 'बेदाणा'. अंगानं किरकोळ, उन्हानं रापलेला, आणि खिशात बारा महिने बेदाणे. फिजिक्सच्या तासाला मागच्या बाकांवर त्याचा प्रसाद फिरायचा. सावळज रस्त्याला त्याच्या आबांची बाग. त्याची केमिस्ट्री पुस्तकातून नव्हे, त्या बागेतून आलेली. पूर्वपरीक्षेच्या तोंडीला सरांनी त्याला विचारलं, पोटॅशियम कार्बोनेटचा उपयोग काय? पुस्तकात काच आणि साबण होता. हा म्हणाला, "बेदाण्याला लावत्यात."

सर हसले. तो हसला नाही. "शंभर लिटर पाण्याला अडीच किलो घ्यायचं सर, वर दीड लिटर डिपिंग ऑइल. घड त्यात बुडवायचं आन् शेडमध्ये रॅकवर टाकायचं. सालीवरचं मेण सुटतं, मग आतलं पाणी बिगीनं जातं. न्हाईतर महिनाभर वाळत्यात नुसतं." सरांनी पूर्ण मार्क दिले आणि सुटल्यावर त्याला थांबवून ते प्रमाण लिहून घेतलं. त्यांच्या सासऱ्यांचीही बाग होती.

आबांना या मुलाला डॉक्टर करायचं होतं. मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ पासूनचं, आणि आबांचं अपेंडिक्स तिथेच निघालेलं असल्यामुळे त्या कॉलेजवर त्यांची श्रद्धा होती. बेदाण्याला करायचं होतं बी.एस्सी. अ‍ॅग्री. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं माहितीपत्रक त्यानं शेजाऱ्याच्या पत्त्यावर मागवलं होतं. मी लिहिलं : 'मिरजेला जातो असं घरी सांगून हा पठ्ठ्या राहुरीची एसटी पकडणार.' वाक्याचा तोल मला इतका आवडला की मी ते दोनदा अधोरेखित केलं.

'पोस्टर' आमचा चित्रकार. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत 'ए' ग्रेड. वडापावच्या बदल्यात तो कुणाच्याही जर्नलमध्ये आकृत्या काढून द्यायचा, त्यामुळे आमच्या तुकडीच्या सगळ्या जर्नलांत बेडूक एकाच चेहऱ्याचा, जरासा हसरा. हस्तलिखिताच्या मुखपृष्ठावर त्यानं आमचा शेवटचा बाक काढला होता, कर्कटकानं कोरलेल्या नावांसकट. सरांनी तो बदलून उगवता सूर्य काढायला लावला. पोस्टरचे वडील शेजारच्या गावात गणित शिकवत आणि मुलानं सिव्हिल करावं असं त्यांनी दहावीलाच ठरवून टाकलं होतं. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचं आहे, असं त्यानं एकदा जेवताना सहज म्हणून सांगून पाहिलं. वडील म्हणाले, "त्या साली जे जे उठलं ते ते फसलंच." त्यानंतर त्यानं जे. जे.चा फॉर्म आणून लॉग टेबलच्या पुठ्ठ्याच्या आत सरकवून ठेवला. गणिताच्या मास्तरच्या घरात लॉग टेबलइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही, कारण मास्तरला ते पाठ असतं. हे सगळं मी लिहिलं. पुठ्ठ्यासकट.

'मेजर' पहाटे दप्तरात विटा भरून पळायचा. त्याला खडकवासल्याला एनडीएत जायचं होतं. यूपीएससीचा फॉर्म भरून झाला होता. त्याच्या आईला वाटत होतं की पोरगं व्यायामाला जातं. 'ताई' वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी. टायट्रेशनचा रंग बदलायच्या आधी रीडिंग सांगायची आणि ते बरोबर निघायचं. मुलींशी असं उभ्या उभ्या बोलण्याची आमच्याकडे चाल नव्हती, म्हणून मी तिला एसटी स्टँडवर गाठलं, तर शेजारी तिचे काका. "डी.एड.," काकांनीच सांगितलं. "बारावीनंतर दोन वर्षं, लगेच नोकरी. मुलीच्या जातीला बरं." ताई फलाटावरचं वेळापत्रक वाचत राहिली. मी लिहिलं : 'वर्गाची ताई आता गावाची बाई होणार.' हेही मला झकास वाटलं.

'हिशोब'ला दहावीला बरे मार्क पडल्यामुळे सायन्सला टाकलेलं होतं, पण त्याचा जीव आकड्यांत. कोणी किती चहा प्यायला, कोणी कधी फेडले, सगळं त्याच्याकडे लिहिलेलं. तो म्हणाला, मी कॉमर्सला जाणार आहे. सायन्समधून कॉमर्सला जाणं म्हणजे तेव्हा आमच्या दृष्टीनं पायऱ्या उतरणं. त्याचं मी दोन ओळींत उरकलं. त्यातल्या एका ओळीत त्याचा जन्मदिनांक होता.

राहिलेली जागा मी स्वतःला दिली. संपादकानं स्वतःबद्दल लिहू नये असा संकेत आहे, म्हणून तृतीयपुरुषी लिहिलं. 'गावाच्या मातीतून उगवलेला हा संवेदनशील तरुण' पुण्याला फर्ग्युसनला मराठी घेऊन बी.ए. करणार होता आणि पुढे एका मोठ्या नियतकालिकाचा संपादक होणार होता. ही योजना घरी माहीत नव्हती. घरी मी इंजिनिअर होणार होतो.

समारंभाला बक्षीस वितरण जोडलेलं असल्यामुळे पालकांना बोलावलं होतं. डावीकडे जाजमावर आया-बहिणी, मागे खुर्च्यांवर वडीलमंडळी. बरेचजण तोडणी सोडून आलेले. मंडपवाल्यानं कर्णा का कोण जाणे रस्त्याच्या तोंडाला बांधला होता. आणि पाहुणे येईनात. ते ज्या जीपमधून येणार होते, ती प्रचाराला गेली होती. प्राचार्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि माइकवर जाहीर केलं, "पाहुणे येईपर्यंत आपले विद्यार्थी-संपादक हस्तलिखितातले निवडक उतारे वाचतील."

निवडक असं ते स्पष्ट म्हणाले होते. पण माइक हातात आल्यावर निवड करण्याची शक्ती माणसात उरत नाही. मी बेदाण्यापासून सुरुवात केली. पोटॅशियम कार्बोनेटला हॉल दणाणून हसला. 'राहुरीची एसटी' आली आणि मागच्या रांगेतून आबा उठले. टोपी सारखी केली.

"काय म्हनला? कुठं जानार?"

"राहुरीला," मी माइकवरूनच सांगितलं. श्रोत्यानं प्रश्न विचारला तर उत्तर द्यावं, असं मला वाटलं.

"शेतीच करायची हाय तर राहुरीला कशाला? बाग हितंच हाय की."

पुन्हा हशा. तो माझ्या लेखनाला मिळतोय अशा समजुतीत मी पान उलटून पोस्टरवर आलो. बेडकाला हशा, १८५७ ला हशा. लॉग टेबलच्या पुठ्ठ्याला मात्र मुलांच्या बाजूला एकदम शांतता पसरली. पोस्टरचे वडील काही बोलले नाहीत. उठले, चपला घातल्या आणि सायकलवर टांग टाकून घरी गेले. मी पुढे मेजर घेतला. खडकवासला हा शब्द ऐकून त्याच्या आईनं जो हंबरडा फोडला, तो कर्ण्यातून बाजारपेठेपर्यंत गेला असावा. शेजारच्या बायका पोरगं सीमेवर पोचल्यासारखी तिची समजूत घालायला लागल्या. मी अंमळ थांबलो. कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आणायचं राहून गेलं होतं, तेवढं साधलं.

मग ताई. 'गावाची बाई' वाचून मी टाळ्यांसाठी वर पाहिलं, तर ती उभी राहिली होती. ओढणी खांद्यावर घट्ट, आवाज टायट्रेशनचं रीडिंग सांगताना असायचा तसाच.

"ते चुकलंय. खोड."

"मग काय लिहू?"

"इंजिनिअरिंग. वालचंद."

सांगलीचं वालचंद कॉलेज आमच्या भागात १९४७ पासून इंजिनिअर घडवत आलंय. पण आमच्या आळीतली मुलगी तिथे गेल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. काका तिसऱ्या रांगेत होते. मी खिशातून पेन काढलं, माइकसमोरच 'डी.एड.' खोडलं आणि वर 'वालचंद' लिहिलं. निब जाड होती. खरखर सगळ्या हॉलला ऐकू गेली. सबंध कार्यक्रमात हस्तलिखितात पडलेलं हेच एक वाक्य माझं नव्हतं. नंतर काका तिच्याकडे न जाता माझ्याकडे आले आणि म्हणाले, "हे तूच भरवलंस ना तिच्या डोक्यात?" आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला एवढं वजनदार समजत होतं. नाही म्हणायला जीभ रेटेना.

पुढचं पान माझं होतं. दरवाजाशी हाताची घडी घालून आमचे दादा उभे होते. मी दोन पानं एकदम उलटली. "पान चिकटलंय," असं माइकवर सांगितलंही, आणि त्याच क्षणी जीप आली. एवढ्या वेळेवर आलेले पाहुणे मी पुन्हा कधी पाहिले नाहीत. त्यांनी आम्हाला 'उद्याचे डॉक्टर आणि इंजिनिअर' असं संबोधून भाषण केलं. भाषणाच्या मध्यावर पोस्टरचे वडील परत येऊन आपल्या जागेवर बसले. त्यांच्या मांडीवर लॉग टेबल होतं.

सर मला एवढंच म्हणाले, "जिवंत कर म्हटलं होतं. तू त्यांना घरी जिवंत राहण्यासारखं ठेवलं नाहीस."

ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ ओढतात आणि बाहेरगावी पांगलेली सगळी तेव्हा गावात येतात. रथाचा दोर धरल्या धरल्या एकमेकांचं कळतं. बेदाण्याचे मार्क मिरजेपर्यंत पोचले नाहीत. आबांनी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयाला होकार दिला. ते राहुरी विद्यापीठाचंच असल्यामुळे माझं वाक्य निम्मं खरं ठरलं, असं मी त्याला दरवर्षी सांगतो. मेजर एसएसबीला भोपाळपर्यंत जाऊन परत आला आणि पुढे एमपीएससीतून फौजदार झाला. त्याची आई आता बायकांना सांगते की मीच त्याला जा म्हटलं. ताईला वालचंदला इलेक्ट्रॉनिक्स मिळालं, ती पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि तिला इंजिनिअरिंगला घालायची कल्पना कुणाची होती हे काका येईल त्याला सांगतात. त्यात माझं नाव आता येत नाही.

पोस्टरचं घरी मिटलं ते मध्यावर : जे. जे. नाही, सिव्हिल नाही, कोल्हापूरला आर्ट टीचर डिप्लोमा. तो शाळेत चित्रकला शिकवतो आणि त्याच्या बायकोच्या नावावर फ्लेक्सचं दुकान आहे. तालुक्यातले सगळे भावी सरपंच, भावी सभापती आणि भावी आमदार त्याच्याकडूनच निघतात. मागे उगवता सूर्य असतोच.

मी बी.एस्सी. केमिस्ट्री करून साखर कारखान्यात लॅब केमिस्ट झालो. फर्ग्युसनचं घरी बोलायचं राहूनच गेलं. गळीत हंगामात रसाचा ब्रिक्स काढतो, पोल काढतो, प्युरिटी काढतो आणि रोजच्या रोज उतारा लिहितो. निवडक नव्हे, साखरेचा. रथाच्या गर्दीतही बेदाण्याच्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर असतो. द्राक्षाला यंदा किती ब्रिक्स लागला आणि उसाला किती, यावर आमचं तासभर चालतं. पुस्तकाच्या गोष्टी निघत नाहीत. हस्तलिखित स्टाफरूमच्या कपाटात ठेवलं होतं ते पुढे कधीतरी तिथून नाहीसं झालं. ज्यानं कुणी नेलं असेल त्यानं ते ठेवून घ्यावं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या पानाचा फोटो तेवढा टाकू नये.

आणि हिशोब. तो कॉमर्सला गेला, बी.कॉम. करता करता सी.ए. झाला. सांगलीत त्याचं ऑफिस आहे, बाहेर बसायला सोफा आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न्स तोच भरतो. माझंही भरतो. ३१ जुलैच्या आत कागद आणून द्या, असं मला 'अहो-जाहो'नं कळवतो. फी पूर्ण घेतो, आणि पावतीखाली टपरीवरच्या चहाची १९९५ ची बाकी अजून वेगळी दाखवतो.